गाडीचा हीटर गार हवा फेकतोय? आधी गरम पाणी कुठं अडलंय ते शोधा

डिसेंबरातली पहाट होती. आम्ही नाशिकहून येवल्याला निघालो होतो. चांदोरी मागे पडली आणि निफाडच्या अलीकडे द्राक्षबागांमधून धूर दिसायला लागला. घड थंडीनं जाऊ नयेत म्हणून लोकांनी रात्रभर शेकोट्या पेटत्या ठेवल्या होत्या. गाडीत मागच्या सीटवर आई शाल कानांवरून घेऊन बसलेली. हीटरचा नॉब लाल खुणेच्या टोकापर्यंत फिरवलेला, ब्लोअर तीनवर, आणि पायांवर येणारी हवा बाहेरच्याइतकीच गार. तासभर गाडी चालूनही तापमानाचा काटा तळाच्या रेघेपासून जेमतेम हलला होता.

हीटर बिघडलाय असंच मी समजत होतो. प्रत्यक्षात हीटर ठणठणीत होता. त्या उन्हाळ्यात गाडी तापत होती म्हणून एका गॅरेजला नेली होती आणि तिथं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढून टाकला होता. मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आपल्याकडे हीटर वर्षातून चार-सहा दिवस लागतो, त्यामुळे असा उद्योग आठ-आठ महिने कळतसुद्धा नाही.

तेव्हापासून माझ्या आणि नातेवाइकांच्या बऱ्याच गाड्यांचे हीटर मी तपासले आहेत. डॅशबोर्ड उघडायची वेळ फार क्वचित आली. बहुतेक वेळा दोष बॉनेटखाली सापडला आणि हातात पक्कड, जुनं फडकं आणि टॉर्च याखेरीज काही नव्हतं. ती पद्धत इथं क्रमानं सांगतो.

उष्णता येते कुठून

पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीच्या गाडीत हीटर स्वतः काहीच तापवत नाही. इंजिन तापतं, ती उष्णता कूलंट उचलतं. कूलंट म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण. इंजिन व्यवस्थित तापलं की ते साधारण ८५ ते ९५ अंश सेल्सिअसवर असतं. त्यातला एक प्रवाह दोन रबरी होज पाइपांतून, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भेदून, डॅशबोर्डच्या पोटातल्या छोट्या रेडिएटरमध्ये जातो. त्याला हीटर कोअर म्हणतात. काही फिटर हीटरची कॉइलही म्हणतात. ब्लोअरची हवा या कोअरमधून जाते आणि तापून बाहेर येते. गार-गरमचा नॉब फिरवला की बहुतेक गाड्यांत आतला एक फ्लॅप हलतो आणि किती हवा कोअरवरून जायची, किती बाजूनं, ते ठरवतो. काही जुन्या गाड्यांत फ्लॅपऐवजी किंवा त्याच्या जोडीला होजमध्ये पाण्याची तोटी असते, ती नॉबच्या केबलनं उघडते.

म्हणजे उष्णतेचा प्रवास तीन टप्प्यांचा आहे: इंजिनात तयार होणं, पाण्याबरोबर कोअरपर्यंत जाणं, हवेबरोबर आत येणं. यातला कुठला टप्पा तुटलाय एवढं कळलं की अर्धं काम झालं. तो न शोधता सुटे भाग बदलत बसलात तर खिसा रिकामा होतो आणि हवा गारच राहते.

हात लावण्याआधी

तापलेल्या इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आत दाब असतो. झाकणावर बहुधा ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला दिसेल, तो बारमध्ये आहे. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वरही उकळत नाही, पण झाकण ढिलं होताच क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. फडकं धरून उघडलं म्हणून वाचाल असं नाही. इंजिन बंद करून निदान दोन तास थांबा. सकाळी पहिल्यांदा गाडी काढण्याआधीची वेळ सर्वांत उत्तम.

दुसरी गोष्ट, रेडिएटरचा पंखा किल्ली काढल्यावरही अचानक फिरू शकतो. ओढणी, मफलर, सैल बाही दूर ठेवा. इंजिन चालू ठेवून तपासणी करायची असेल तर गाडी उघड्यावर घ्या. शटर लावलेल्या गॅरेजात किंवा तळघरातल्या पार्किंगच्या कोपऱ्यात ते काम करू नका, एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि काढलेलं कूलंट उघड्या घमेल्यात सोडू नका. चवीला गोड असतं, कुत्री-मांजरी ते चाटतात, आणि थोडंसंसुद्धा त्यांचे मूत्रपिंड निकामी करतं. लहान मुलांनाही तोच धोका आहे.

पहिली पायरी: कूलंट आहे का?

हे इतकं साधं वाटतं की लोक ओलांडून पुढे जातात. पण गार हीटरचं सर्वांत नेहमीचं कारण हेच.

थंड गाडीत प्लास्टिकच्या बाटलीतली पातळी किमान आणि कमाल खुणांच्या मध्ये असायला हवी. ज्या गाड्यांना रेडिएटरवर वेगळं झाकण असतं, त्यांत बाटलीवर विश्वास ठेवू नका. झाकणाचं रबर कडक झालं किंवा बाटलीकडे जाणारी बारीक नळी तडकली, तर थंड होताना रेडिएटर बाटलीतून पाणी परत ओढू शकत नाही. बाटली भरलेली आणि रेडिएटर दोन लिटर रिकामा, अशी गाडी मी पाहिली आहे. झाकण उघडा, गळ्यापर्यंत पाणी दिसलं पाहिजे.

पातळी कमी झाली की हीटर लगेच का गार पडतो? बऱ्याच गाड्यांत कोअर उंचावर असतो, आणि हवा नेहमी उंच जागा धरते. इंजिन अजून प्रमाणाबाहेर तापलेलं नसतं, काटा मध्यावर असतो, सगळं ठीक दिसतं, पण कोअरमध्ये पाण्याऐवजी हवा अडकलेली असते. म्हणून अचानक गार झालेला हीटर ही गाडी पुढे तापणार असल्याची आगाऊ सूचना समजा. घाटात इंजिन उकळण्याच्या कितीतरी आधी ती मिळते.

पातळी कमी असेल तर नुसतं भरून थांबू नका, गेलं कुठं ते शोधा. होजच्या टोकांशी पांढरी किंवा रंगीत खपली, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीच्या कडेला ओल, वॉटर बॉडीच्या (म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या) खालच्या छिद्रातून ओघळ, केबिनमधलं ओलं कार्पेट. यातलं काहीच नसेल आणि तरी दर आठवड्याला पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलचा, संशय घ्यावा लागतो. त्याबद्दल पुढे.

दुसरी पायरी: इंजिन तापतंय का?

काटा असलेल्या गाडीत दहा-पंधरा मिनिटांच्या चालीनंतर तो मध्याजवळ यायला हवा. अनेक नव्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा दिवा असतो. तो विझला म्हणजे इंजिन पूर्ण तापलं असं नाही, फक्त फार थंड राहिलेलं नाही एवढंच. अशा गाडीत ब्लूटूथवर चालणारा छोटा ओबीडी स्कॅनर कामाला येतो. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला की मोबाइलवर कूलंटचं तापमान अंशांत दिसतं. हीटरच्या तपासात इतक्या थोड्या पैशांत इतकं सांगणारं दुसरं साधन माझ्याकडे नाही.

हायवेवर सलग पंधरा मिनिटं गाडी चालवून आकडा साठ-सत्तरच्या आसपासच घुटमळत असेल, आणि सिग्नलला थांबलं की हळूहळू चढत असेल, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा तो जागेवरच नाही.

इथं जरा थांबतो, कारण आपल्याकडचा हा सर्वांत मोठा घोटाळा आहे.

थर्मोस्टॅट म्हणजे मेणाच्या गोळीवर चालणारा झडपेचा डबा. इंजिन थंड असताना तो रेडिएटरची वाट बंद ठेवतो, म्हणजे थोडं पाणी इंजिनात आणि हीटरमध्येच फिरतं आणि लवकर तापतं. बहुधा ८२ ते ८८ अंशांना मेण फुगून झडप उघडायला लागते. तो काढला की पहिल्या मिनिटापासून सगळं पाणी रेडिएटरमधून जातं आणि थंडीत हायवेवर कधीच पुरेसं तापत नाही. हीटर कोमट राहतो हा त्यातला सर्वांत किरकोळ तोटा. इंजिन अजून थंडच आहे असं समजून संगणक जास्त इंधन सोडतो आणि मायलेज घसरतं. ऑइलमधला ओलावा उडत नाही. थंड इंजिनाची झीजही जास्त होते.

‘आपल्या हवेला थर्मोस्टॅट लागत नाही, काढला की गाडी तापत नाही’ हे वाक्य मी अनेक फिटरांच्या तोंडून ऐकलंय. ते चांगल्या मनानं सांगतात, पण ते बरोबर नाही. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटची दुसरी चकती तापल्यावर बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे वळतं. डबाच काढला तर ती वाट कायम उघडी राहते, काही गरम पाणी रेडिएटर चुकवून परत इंजिनात जातं, आणि मे महिन्यात घाट चढताना गाडी उलट जास्त तापू शकते. मुळात गाडी तापत असेल तर रेडिएटर तुंबलाय, पंखा उशिरा लागतोय, झाकण दाब धरत नाही किंवा वॉटर बॉडी थकलीय. दोष तिथं दुरुस्त करायचा.

तपास असा करा. थंड सकाळी गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड होजवर हात ठेवा. थर्मोस्टॅट ठीक असेल तर होज काही मिनिटं थंड राहते आणि मग अर्ध्या-एक मिनिटात एकदम गरम होते. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेली तर झडप बंद होत नाहीये. एक अपवाद ध्यानात ठेवा: काही इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या तोंडाशी असतो. तिथं वरची होज लवकर कोमट होणं स्वाभाविक आहे, खालच्या होजवरून अंदाज घ्या.

काढलेला थर्मोस्टॅट स्वयंपाकघरात तपासता येतो. जुन्या पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्यानं असा टांगा की तळाला टेकणार नाही, शेजारी थर्मामीटर धरा आणि गॅस मंद ठेवा. त्याच्यावर तापमानाचा आकडा कोरलेला असतो. त्याच्या आसपास झडप हलायला लागली पाहिजे आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडली पाहिजे. थंड पाण्यात टाकल्यावर घट्ट मिटलीही पाहिजे. ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.

नवा बसवताना आकडा तोच घ्या, थंड प्रदेशात जायचंय म्हणून वेगळा नको. स्प्रिंगची बाजू इंजिनकडे. कडेला छोटी हलणारी पिन असेल तर ती वर, कारण तिथून हवा निघते. रबरी रिंग किंवा गॅस्केट नवंच घाला.

तिसरी पायरी: दोन होज, एक हात

इंजिन तापलंय, पाणी पुरेसं आहे, आणि तरी हवा गार आहे. आता नॉब पूर्ण गरमवर ठेवा, ब्लोअर मध्यम, एसी बंद. बॉनेट उघडून मागच्या पत्र्यात शिरणारे दोन शेजारी-शेजारी होज शोधा. जाडी साधारण अंगठ्याएवढी. पट्टे आणि पंखा यांपासून हात लांब ठेवून, आधी फडक्यावरून आणि मग क्षणभर बोटांनी दोन्ही तपासा. नव्वद अंशांची होज धरून ठेवता येत नाही, तेच चांगलं लक्षण. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर हात भाजायचा प्रश्नच नाही.

दोन्ही चटका देणारे गरम असतील तर पाणी कोअरपर्यंत जाऊन परत येतंय. दोष आतल्या हवेच्या वाटेत आहे. ब्लोअर जोरात असताना परतीची होज दहा-पंधरा अंशांनी कमी असणं ठीकच.

एक गरम आणि एक गार असेल तर कोअर तुंबलाय, किंवा त्या वाटेतली तोटी बंद आहे. तोटीची केबल नॉबबरोबर हलते का ते पाहा. केबल सुटलेली असणं ही पाच मिनिटांची दुरुस्ती.

दोन्ही गार किंवा कोमट असतील आणि इंजिन मात्र खरंच तापलेलं असेल, तर पाणी फिरतच नाहीये: हवा अडकलीय, किंवा वॉटर बॉडी जोर देत नाही. एक खूण उपयोगी पडते. गाडी उभी असताना हवा गार आणि ॲक्सिलरेटर दिला की गरम, असं होत असेल तर बहुतेक पातळी कमी आहे किंवा हवा अडकलीय; ते नसेल तर पंपाची पाती झिजलीत.

आणि चौथी शक्यता: ते दोन होज पत्र्यात शिरतच नाहीत, वाकड्या नळीनं एकमेकांना जोडलेले आहेत. म्हणजे कुणीतरी कोअर गळत होता म्हणून त्याला बायपास केलंय. जुनी गाडी विकत घेताना हे मी आता आवर्जून बघतो.

सीएनजीवाल्यांनी इथं आणखी एक जागा तपासावी. टाकीतला सुमारे २०० बारचा गॅस रेड्यूसरमध्ये दाब सोडताना भयंकर गार होतो, म्हणून रेड्यूसरला इंजिनचं गरम पाणी द्यावं लागतं. बाहेरून किट बसवताना ते बहुधा हीटरच्या होजला टी-जोड मारून घेतात. जोड चुकीचा असेल, नळी दबली असेल किंवा पाणी रेड्यूसरमधून सोप्या वाटेनं परत जात असेल, तर कोअरच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. किट बसवल्यापासूनच हीटर मंदावला असेल तर बाकी काही उघडण्याआधी ते टी-जोड बघा.

अडकलेली हवा काढणं

कूलंट बदलल्यानंतर, होज किंवा रेडिएटरचं काम झाल्यानंतर हीटर गार पडला, डॅशबोर्डच्या मागे खळखळ आवाज येतोय, तर ही हवाच.

गाडीचं नाक वर राहील अशा चढावर उभी करा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड लावा. इंजिन थंड असतानाच झाकण उघडा. हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर सर्वांत कमी. काही गाड्यांत हवा काढण्याचा वेगळा स्क्रू असतो, गाडीच्या पुस्तिकेत त्याची जागा दिलेली असते. तो थोडा सैल करा आणि सलग धार आली की आवळा. कूलंट बारीक धारेनं गळ्यापर्यंत भरा. इंजिन सुरू करा, हात पंखा-पट्ट्यापासून दूर ठेवून वरची होज अधूनमधून दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, पुन्हा भरा. पाणी उसळून वर यायला लागलं तर लगेच इंजिन बंद करा आणि थंड होऊ द्या, घाईनं झाकण लावायला जाऊ नका. बुडबुडे थांबले आणि आतली हवा गरम झाली की झाकण लावा आणि आठ-दहा किलोमीटर फेरी मारा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीत पातळी पुन्हा बघा, बहुधा थोडी उतरलेली असते.

तीन-चार वेळा हवा काढूनही बुडबुडे येतच राहिले, किंवा थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरची होज दगडासारखी कडक झाली, तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय. हेड गॅस्केट. एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली कॉफीच्या दुधासारखी साय, ही सोबतची लक्षणं. पण थंडीत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या निरोगी गाडीतही झाकणाखाली थोडी साय धरते, नुसत्या तिच्यावरून निष्कर्ष काढू नका. चांगल्या गॅरेजात निळ्या द्रावाची चाचणी असते, एक्झॉस्टचा वायू लागला की पेट्रोल गाडीत तो पिवळा पडतो. ती करून घ्या आणि तोपर्यंत गाडी लांब नेऊ नका.

तुंबलेला कोअर धुणं

कोअर तुंबतो तो बहुतेक आपल्याच हातानं. कूलंट संपलं की बोअरचं पाणी भरतो. त्या जड पाण्यातला क्षार बारीक नळ्यांत बसतो, लोखंडी ब्लॉकचा गंज त्यात मिसळतो. शिवाय रेडिएटर गळायला लागला की हळद टाकण्याची जुनी युक्ती आहे. आडरानात रात्री अडकलेल्या ट्रकवाल्यानं घरी पोचण्यापुरती ती केली तर मी समजू शकतो. पण हळद आणि गळती बंद करणाऱ्या बाटल्या छिद्र ओळखत नाहीत. अरुंद वाट दिसली की तिथं बसतात, आणि गाडीतल्या सर्वांत अरुंद वाटा हीटर कोअरमध्ये असतात.

धुण्यासाठी इंजिन पूर्ण थंड करा, खाली घमेलं ठेवा आणि दोन्ही होज कोअरच्या नळ्यांवरून काढा. इथं घाई केली तर महागात पडतं. होज वर्षानुवर्षं चिकटलेली असते आणि नव्या गाड्यांत कोअरच्या नळ्या प्लास्टिकच्या किंवा पातळ ॲल्युमिनियमच्या असतात. ओढू नका, आधी गोल फिरवून सैल करा. नाही हलली तर होज उभी चिरून काढा, नवी होज कोअरपेक्षा खूप स्वस्त आहे.

आता बागेच्या पाइपनं परतीच्या नळीतून, म्हणजे उलट्या दिशेनं, हलक्या दाबानं पाणी सोडा. आधी तांबूस चिखल येईल. मग दिशा बदला, पुन्हा उलट. स्वच्छ पाणी जोमदार धारेनं येईपर्यंत आलटून पालटून करत राहा. मला एकदा चाळीस मिनिटं लागली होती. गाडी धुण्याचं प्रेशर वॉशर लावू नका, कोअर फुटेल. संडास साफ करायचं ॲसिड तर मुळीच नको, हायड्रोक्लोरिक ॲसिड ॲल्युमिनियम खाऊन टाकतं. धार येतच नसेल तर कूलिंग सिस्टिमसाठीच बनवलेलं फ्लश वापरून बघा, बाटलीवर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका. शेवटी एकदा डिस्टिल्ड वॉटर फिरवा, म्हणजे नळाचं पाणी आत राहणार नाही.

कोअर गळत असेल तर धुऊन उपयोग नाही. पुढच्या प्रवाशाच्या पायाशी कार्पेट ओलं, केबिनमध्ये गोडसर वास, आणि काचेवर पुसली तरी न जाणारा तेलकट थर, या त्याच्या खुणा. एसीचं तुंबलेलं पाणीही त्याच जागी येतं, पण ते साधं पाणी असतं. कूलंट बोटांना चिकट लागतं आणि त्याला रंग असतो. कोअर बदलायला बऱ्याच गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, काहींत एसीचा गॅसही काढावा लागतो. सुट्या भागापेक्षा मजुरी जास्त. हे काम अनुभवी माणसाकडे द्या आणि त्याच वेळी आतले फ्लॅप व त्यांचे फोम बघून घ्यायला सांगा, डॅशबोर्ड पुन्हा उतरवायला कुणीच तयार नसतं.

दोन्ही होज गरम, हवा मात्र गार

आता फ्लॅप. केबलवाल्या गाडीत नॉब विचित्र हलका फिरत असेल तर केबलची क्लिप सुटलीय. पायाशी वाकून हीटरच्या खोक्याच्या बाजूला टॉर्च मारा, दुसऱ्याला नॉब फिरवायला सांगा. प्लास्टिकचा दांडा हलताना दिसला पाहिजे. नसेल हलत तर तो हातानं गरमच्या बाजूला ढकलून बघा. हवा गरम झाली की निदान पक्कं.

ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत हेच काम छोटी मोटर करते. तापमान बदलताना डॅशबोर्डच्या आतून टक-टक-टक आवाज आला तर मोटरचे प्लास्टिकचे दाते तुटलेत. बॅटरी काढून लावल्यानंतर बिघाड सुरू झाला असेल, तर काही गाड्यांत मोटरला तिच्या दोन टोकांची ओळख पुन्हा करून द्यावी लागते, ते स्कॅनरनं होतं. ड्रायव्हरकडे गरम आणि शेजारी गार, असं दोन झोनच्या गाडीत झालं तरी आधी कूलंट बघा. अर्धा रिकामा कोअरही असंच करतो.

हवा गरम आहे पण येतेच थोडी, तर केबिन फिल्टर काढून बघा. ब्लोअर फिरतच नसेल तर फ्यूज आणि रेझिस्टर. तो वेगळा बिघाड आहे.

इलेक्ट्रिक गाडीला यातलं फारसं लागू होत नाही. तिथं विजेचा हीटर किंवा हीट पंप असतो आणि नारिंगी केबलींत माणूस मरेल इतका व्होल्टेज असतो. सेटिंग आणि फ्यूजच्या पलीकडे स्वतः जाऊ नका.

हिमाचलला निघण्याआधी

पुण्या-नाशिकहून गाडी काढून मनाली, काझा, लेहला जाणारे आता खूप आहेत. त्यांच्यासाठी हीटर हा सुखाचा नव्हे, सुरक्षिततेचा भाग आहे, आणि त्याचं कूलंटही. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल तर ते रात्री गोठेल. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, आणि त्या जोरानं रेडिएटर, कोअर, क्वचित इंजिनचा ब्लॉकही फुटतो. निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर हे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत टिकतं. निव्वळ ग्लायकॉल भरलं तर आणखी चांगलं, असं वाटेल; पण ते उणे १३ च्या आसपासच गोठतं आणि उष्णताही कमी वाहून नेतं. रंगावर जाऊ नका, हिरवं-लाल-निळं यांना सर्व कंपन्यांचा एक नियम नाही. पुस्तिकेत लिहिलेला प्रकारच घ्या आणि बाटली तयार मिश्रणाची आहे की पाणी घालायची, ते वाचा.

पावसाळ्यात ताम्हिणी किंवा आंबोली चढणाऱ्यांनाही हीटर लागतो. काच आतून धुरकट झाली की एसी चालू ठेवूनच नॉब गरमकडे न्या आणि हवा काचेवर सोडा. एसी ओलावा शोषतो, हीटर काच उबदार ठेवतो, आणि मिनिटा-दोन मिनिटांत रस्ता दिसायला लागतो. जुलैत ही जोडी काम करत नसेल तर डिसेंबरची वाट न पाहता वरचा तपास तेव्हाच करा.

दुरुस्ती झाली की मोजून खात्री करा. इंजिन पूर्ण तापलेलं, नॉब पूर्ण गरम, ब्लोअर एकवर, मधल्या जाळीत स्वयंपाकघरातला थर्मामीटर. पाच मिनिटांत आकडा पन्नासच्या पुढे गेला पाहिजे. माझ्या गाडीत नवा थर्मोस्टॅट घातल्यावर अठ्ठावन्न आला होता. पुढचे दोन दिवस सकाळी थंड गाडीत पातळी बघितली, उतरली नव्हती, आणि मग आईला घेऊन पुन्हा येवल्याला गेलो.